अठरा झॉम्बी, प्रमाण एकास पन्नास

झॉम्बी उंच निघाले, तिथून सगळं बिनसलं.

खेळण्यांच्या दुकानातून आणलेल्या डबीत ते अठरा होते. राखाडी प्लास्टिकचे, फाटक्या कपड्यांचे, हात पुढे करून निघालेले. डबीवर प्रमाण छापलं होतं एकास अठ्ठेचाळीस, आणि पट्टीरावांचं प्रमाण होतं एकास पन्नास. म्हणजे प्रत्येक झॉम्बी जवळजवळ दीड मिलिमीटर जास्त. दुसरा कुणी म्हणाला असता, जाऊ दे, मेलेल्या माणसाची उंची कोण बघतो. पण पट्टीराव सत्तावीस वर्षं बांधकाम खात्यात आरेखक होते. इंजिनिअर लोक इमारती बघून येतात, आणि त्या कागदावर मापात उतरवायचं काम आरेखकाचं. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन एखाद्या दिवशी नसेल, पण सहा इंची स्टीलची पट्टी नाही असं कधी झालं नव्हतं. त्यावरूनच हे नाव पडलं होतं आणि खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं. त्यांनी कानस घेतली आणि अठराच्या अठरा झॉम्बींचे तळवे घासायला बसले.

"पाय आखूड झाले हो यांचे," बायको म्हणाली.

"प्रमाणात आले."

"चालतील कसे?"

"तसेही ते नीट चालत नाहीत," पट्टीराव म्हणाले आणि फुंकर मारून भुसा उडवला.

आता एवढ्या सभ्य माणसाला झॉम्बी करायची बुद्धी का व्हावी? तर पट्टीराव प्रतिकृती करणाऱ्यांच्या एका मंडळाचे सभासद होते. पाटाएवढ्या जागेत एखादं दृश्य हुबेहूब उभं करायचं, त्याला ते लोक डायोरामा म्हणतात. दर वर्षी स्पर्धा असते आणि तीन वर्षं पट्टीरावांच्या गुणपत्रकावर परीक्षकांचा एकच शेरा पडत होता, "मापे अचूक, परंतु जिवंतपणा नाही." हा शेरा त्यांना फार लागला होता. वरवर ते म्हणायचे की मला काय त्याचं, पण जेवताना मधूनच हात थांबायचा. यंदा मंडळाने विषय दिला झॉम्बी. मेलेली माणसं उठून शहरभर हिंडताहेत, असं काहीतरी. पट्टीरावांना हा विषय आपल्याकरताच काढल्यासारखा वाटला. जिथे जिवंतपणा नसणं हीच अट, तिथे परीक्षक तरी काय बोलणार?

झॉम्बी हिंडणार म्हणजे मागे इमारत हवी. न मोजलेली भिंत काढायची नाही असा पट्टीरावांचा नेम होता, म्हणून त्यांनी हाताशी असलेली इमारत घेतली. तीच, ज्यात ते राहत होते. तळमजला धरून चार मजले, एकतीस रहिवासी, वय छत्तीस वर्षं.

पहिल्या रविवारी ते टेप घेऊन जिन्यात बसले आणि दहा मिनिटांत सेक्रेटरी हजर झाले. सेक्रेटरी म्हणजे सोसायटीचे. निवृत्तीनंतर त्यांना कुठेतरी सही करायला मिळावी म्हणून घरच्यांनीच त्यांना निवडून आणलं होतं, असं लोक म्हणायचे.

"सामाईक जागेचं मोजमाप घेताय," सेक्रेटरी म्हणाले. "अर्ज कुठाय?"

"अहो, छंद आहे. मॉडेल करतोय."

"छंदाचा अर्ज द्या."

अर्ज दिला. तो समितीपुढे गेला आणि दोन आठवड्यांनी परवानगी आली, तीही अटींसकट. इमारतीची पडझड दाखवावी, पण ती सर्वस्वी बाहेरून आलेल्या झॉम्बींनी केलेली असावी; सोसायटीच्या देखभालीवर ठपका येईल असं काही दाखवू नये. पट्टीरावांनी ही अट दोनदा वाचली आणि तिच्यात त्यांना काहीच चूक दिसली नाही. सरकारी माणसाला अट दिसली की धीर येतो.

मग सल्ले सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बजावलं की त्यांच्या खिडकीला नुकतंच नवं ग्रिल बसवलंय, तेव्हा झॉम्बी शिरायचेच असतील तर दुसऱ्या मजल्यावरून शिरावेत. दुसऱ्या मजल्याने हरकत घेतली. काकूंनी मग एवढंच कबूल केलं की धूर दाखवला तर चालेल, पण पडदे शाबूत हवेत. तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. माणूस भला. कवळीचे साचे करायचं पांढरं प्लास्टर त्यांनी डबाभर दिलं आणि त्याच्या भिंती झकास झाल्या. पण प्लास्टरमागोमाग तेही रोज येऊ लागले.

"तोंडं मिटा यांची," डॉक्टर भिंगातून झॉम्बी बघत म्हणाले.

"का?"

"दात पडलेले दाखवलेत. मेल्यावर दात पडत नाहीत, पट्टीराव. माणसाचं सगळं जातं, दात राहतात. जिवंतपणीच काय ते पडतात."

पट्टीरावांनी अठरा तोंडांत दात बसवले. डॉक्टरांनी ते तपासले आणि दोघांच्या अक्कलदाढांबद्दल असमाधान नोंदवलं. कुणाकुणाचं ऐकायचं याला काही सुमार उरला नाही, पण पट्टीराव ऐकत गेले, कारण एवढी माणसं आपल्या कामात डोकं घालताहेत हे सुख त्यांना नवीन होतं.

दोन महिन्यांत मॉडेल झालं आणि खरोखर बघत राहावं असं झालं. गच्चीचा कठडा ढासळलेला, बाल्कनी लोंबकळतेय, फाटकाशी उलटलेली गाडी, तिसऱ्या मजल्याला आगीची काजळी आणि त्यात काकूंचे पडदे शाबूत. वॉर्निशच्या वासाने बायकोचं डोकं उठलं म्हणून मॉडेल फाटकाजवळच्या सोसायटीच्या कचेरीत ठेवायचं ठरलं. सेक्रेटरींनी स्वतः टेबल पुसून दिलं. पट्टीरावांनी ते ठेवलं, मागे होऊन पाहिलं आणि काहीतरी राहिलंय असं त्यांना वाटलं. उजव्या खालच्या कोपऱ्यात जागा मोकळी होती. नकाशाचा तो कोपरा त्यांनी जन्मात कधी मोकळा सोडला नव्हता. त्यांनी पुठ्ठ्याची पाटी कापली आणि तिच्यावर सुरेख अक्षरांत लिहिलं, "सद्यस्थिती. प्रमाण १:५०. प्रत्यक्ष मोजणीनुसार." खाली सही केली, तारीख टाकली, वर उत्तर दिशेचा बाण काढला. हाताची सवय. डोकं त्यात नव्हतंच.

त्याच आठवड्यात खात्याचे तपासणी साहेब आले. जुन्या इमारतींची पाहणी असते, तीत या इमारतीचा नंबर लागला होता. पट्टीराव कामावर होते. सेक्रेटरी गच्चीची किल्ली शोधायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. साहेबांचे गुडघे दुखत होते आणि चार मजले समोर उभे होते. साहेब कचेरीत टेकले, त्यांची नजर टेबलावर गेली आणि पाटीवरची सही त्यांनी ओळखली. अख्ख्या खात्यात ती सही ओळखीची होती. तिच्याखालचं माप कधी चुकलेलं नव्हतं. साहेबांनी फोटो काढले, बसल्या जागी अहवाल लिहिला, मॉडेल पुरावा म्हणून गाडीत घातलं आणि सेक्रेटरी किल्ली घेऊन येईस्तोवर ते निघूनही गेले.

सोमवारी फाटकावर नोटीस लागली. इमारत राहण्यास धोकादायक. शनिवारी संध्याकाळपर्यंत रिकामी करावी. त्यानंतर पाणी आणि वीज बंद. सोबत अहवालाची प्रत. सेक्रेटरींनी ती पट्टीरावांच्या दिवाणखान्यात उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवली. कठडा कोसळला आहे, बाल्कनी अधांतरी आहे, तिसऱ्या मजल्यावर आग लागून गेली आहे, अशी एकंदर अकरा कलमं होती. "समोरून पाहता इमारत सुस्थितीत दिसते," असंही साहेबांनी प्रामाणिकपणे नोंदवलं होतं, "परंतु ते रंगामुळे असावे." आणि शेवटी होतं, "पाहणीच्या वेळी आवारात अठरा रहिवासी आढळले. बाकीचे कामावर गेले असावेत. आढळलेल्यांची प्रकृती चिंताजनक वाटली."

कुणी हसलं नाही. एरवी या वाक्यावर सगळी इमारत आठवडाभर हसली असती. पण पाच दिवसांत एकतीस माणसांनी जायचं कुठे? दुसऱ्या मजल्यावर एक बाळंतीण होती. काकूंचे यजमान पाठीच्या दुखण्याने सहा महिने पडून होते. पट्टीरावांच्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि इथे तर हाताखाली सहीसुद्धा होती.

"तुमचंच खातं ना," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. "मग निस्तरा. माझ्या माणसाला मी खांद्यावर घेऊन उतरू का?" त्यानंतर त्या पट्टीरावांशी बोलेनाशा झाल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात समोर आल्या तेव्हा त्यांच्या आरपार बघत निघून गेल्या.

मंगळवारी सकाळी फाईल पट्टीरावांच्याच टेबलावर येऊन पडली. येणारच होती. अहवालाला नकाशा किंवा प्रतिकृती जोडलेली असली की आरेखकाने पडताळणी करायची, असा नियम होता आणि त्या भागाचे आरेखक हेच. छापील तक्त्यात एकच ओळ होती: "जोडलेला नकाशा प्रत्यक्ष स्थितीशी जुळतो / जुळत नाही. लागू नसेल ते खोडावे." पट्टीरावांनी पेन उघडलं आणि पुन्हा मिटलं.

तपासणी साहेब समोर येऊन बसले. चेहरा उतरलेला होता. कुणीतरी त्यांना झॉम्बी म्हणजे काय ते सांगितलेलं दिसत होतं.

"हे बघा पट्टीराव," ते हळू आवाजात म्हणाले, "'जुळतो' म्हणालात तर तुमचं घर जातं. 'जुळत नाही' म्हणालात तर तुम्ही सही करून खोटी स्थिती दाखवली असं होतं. चौकशी लागेल. माझ्यावर नाही लागणार, मी तुमच्या सहीवर विसंबलो."

"तुम्ही जिना चढला नाहीत, साहेब."

"ते अहवालात कुठे लिहिलंय?"

पट्टीरावांनी फाईल आपल्यापुढे ओढली. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि सत्तावीस वर्षांत त्यांचं एक माप परत आलं नव्हतं. लोक घराण्याचं नाव जपतात, यांनी माप जपलं होतं. पण काकूंचा तो हळू आवाज कानातून जात नव्हता. त्यांनी मनाशी ठरवलं की आपली अब्रू गेली तरी चालेल, एकतीस माणसांचं छप्पर राहिलं पाहिजे. "जुळतो" वर काट मारायची. दुपारी घरी जेवून यायचं आणि मारायची.

घराच्या फाटकाशीच दातांच्या डॉक्टरांनी त्यांना गाठलं. "नोटिशीचं काय ते होईल, पण कुणी चांगला सुतार माहीत आहे का? दवाखान्याचं दार आठवडाभर लागतच नाही. चौकटीत अडकतंय. दोनदा तासून घेतलं."

पट्टीरावांचा पाय तिथेच अडखळला. "कुठलं दार? जिन्याकडचं?"

"तेच."

जिन्याच्या पायाशी, मीटरच्या पेटीमागे, एक खांब होता. पहिल्याच रविवारी मोजमाप करताना त्यांना त्यावर उभी भेग दिसली होती. दोन मिलिमीटर. त्यांनी ती वहीत टिपली, सेक्रेटरींच्या कानावर घातली. सेक्रेटरी म्हणाले पुढच्या रंगकामात बुजवू. मग मॉडेलमध्ये त्यांनी ती एका केसाच्या ब्रशने, श्वास रोखून काढली. एकास पन्नासमध्ये दोन मिलिमीटरची भेग डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. त्यांना मात्र ती तिथे आहे याचं समाधान होतं. आरेखकाचं काम आहे ते दाखवणं. पुढचं बघायला खात्यात माणसं आहेत. आपण दाखवलं, संपलं. या विचाराने त्यांना दोन महिने छान झोप लागली होती. साहेबांची अकराच्या अकरा कलमं खोटी होती, आणि इमारतीत खरी होती तेवढी एकच भेग साहेबांना दिसली नव्हती.

ते तसेच मीटरच्या पेटीमागे शिरले. त्यांनी खिशातली पट्टी काढून भेगेवर धरली, चष्मा पुसला, पुन्हा धरली.

पाच मिलिमीटर.

वरच्या बाजूला, जिथे दवाखान्याची चौकट टेकत होती तिथे, साडेपाच. कडेचं प्लास्टर फुगलं होतं आणि बोट लावलं तर आत काहीतरी पोकळ वाजत होतं. पट्टीराव तिथेच पायरीवर बसले. वरून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली, तान्हं पोर रडलं, कुणी खुर्ची ओढली, आणि पहिल्यांदाच त्यांना त्या प्रत्येक आवाजाचं वजन जाणवलं. त्या वजनाखाली हा खांब उभा होता. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

ते तसेच उठले आणि खात्यात परतले. तक्त्यातल्या ओळीत त्यांनी काहीच खोडलं नाही. खाली जागा नव्हती म्हणून समासात, बारीक अक्षरांत लिहिलं: "अकरा बाबी काल्पनिक. त्या मी छंद म्हणून दाखवल्या; त्यावर सही करणे ही माझी चूक. जिन्याजवळील खांबाची भेग खरी. दोन महिन्यांपूर्वी दोन मिलिमीटर, आज साडेपाच. ती दिसूनही मी खात्याला कळवली नाही, हीदेखील माझी चूक. इमारत शनिवारी नव्हे, आज रिकामी करावी." सही केली आणि फाईल साहेबांच्या हातात दिली.

साहेबांनी ती वाचली. "समासात लिहिता येत नाही," ते म्हणाले.

"हातोडी घेऊन चला, साहेब. आत्ता."

साहेबांना आधी वरून परवानगी हवी होती. पट्टीराव थांबले नाहीत. घरी येऊन त्यांनी जिन्यात उभं राहून सगळ्यांना खाली बोलावलं; नोटिशीमुळे त्या दिवशी बाकी कुणी कामावर गेलंच नव्हतं. जे आले ते चिडलेले होते. सेक्रेटरींनी भेग बघितली आणि म्हणाले, "हीच का? ही तर किती वर्षं आहे."

"किती होती?"

"म्हणजे?"

"किती मिलिमीटर होती?"

"मी काय मोजत बसतो का?"

"मी मोजलीय. उतरा सगळे. निघायला हवं."

कुणी हललं नाही. आणि लोकांचं तरी काय चुकलं? काल याच माणसाच्या सहीने पडलेली इमारत कागदावर उभी केली होती. आज तो म्हणतो ते अर्धं खोटं होतं, आता हे खरं. दूधवाल्याने एकदा पाणी मिसळलं की दुसऱ्या दिवशी खरं दूधही लोक बोट बुडवून बघतात. आयुष्यात पहिल्यांदाच पट्टीराव माप सांगत होते आणि कुणाचाही त्यावर विश्वास नव्हता.

तेवढ्यात बायको वरून खाली आली. हातात एक पिशवी, पायात चपला. कडी लावून, गॅस बंद करून आली होती.

"वहिनी, तुम्हीपण?" सेक्रेटरी म्हणाले.

"मीठ जास्त झालं तर हे 'खारट' म्हणत नाहीत हो, पाव चमचा जास्त पडलंय म्हणतात. आणि पावच पडलेलं असतं," ती म्हणाली. "या माणसापायी मी पुष्कळ वैतागलेय. पण साडेपाच म्हणाले ना, मग ते साडेपाचच." आणि ती सरळ फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली.

डॉक्टर म्हणाले, "दातातली भेगसुद्धा दुखेपर्यंत कुणी दाखवत नाही," आणि दवाखान्यातल्या पेशंटला तोंडात कापूस असतानाच बाहेर काढलं. बाळंतीण शालीत पोर गुंडाळून उतरली. मग एकेक दार वाजू लागलं. काकूंच्या यजमानांना पट्टीराव आणि डॉक्टरांनी खुर्चीवर बसवून उतरवलं, तीन मजले, एकेक पायरी. पट्टीराव खालच्या बाजूला होते. खांबाजवळून वळताना त्यांनी श्वास रोखला होता आणि खुर्ची भिंतीला घासू नये म्हणून स्वतःची बोटं मध्ये घातली होती. काकू मागून औषधांची पिशवी आणि दुसरी एक खुर्ची घेऊन आल्या. बोलल्या काहीच नाहीत.

साडेचारला साहेब आले. परवानगी आणली होती आणि हातोडीही. सगळी इमारत रस्त्याच्या पलीकडे उभी होती. साहेब एकटेच आत गेले. जिवाचा कान करून लोक ऐकत होते. टक्, टक्, असा आवाज आला. मग तिसरा ठोका पडला आणि त्यामागून काहीतरी मोठं, सावकाश खाली घसरल्यासारखं झालं. दाराबाहेर पांढरी धूळ आली, आणि धुळीतून साहेब दुखऱ्या गुडघ्यांनिशी धावत आले.

"सळ्या उरल्याच नाहीत," ते धापा टाकत म्हणाले. "गंजून नुसता भुगा झालाय. वर कोण आहे? पट्टीराव, वर किती माणसं आहेत?"

"कुणी नाही," पट्टीराव म्हणाले. "एकतीस बाहेर आहेत आणि एक पेशंट. दोनदा मोजलीत."

साहेब फुटपाथवर खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी फोन काढला आणि टेकूचे लोखंडी खांब, माणसं, गाडी असं सगळं एका दमात मागवलं. आधी अर्ज करा, असं पलीकडून कुणी म्हणालं असावं, कारण साहेब फोनमध्ये म्हणाले, "मी डोळ्यांनी बघून सांगतोय." सेक्रेटरी एकदम अगदी लहान दिसायला लागले. ते खांबाच्या दिशेला बघत होते. पट्टीरावांना चौकशी लागणार होती, मॉडेल खात्याच्या गोदामात सील होऊन पडलं होतं, स्पर्धा शनिवारी होती. यातलं काही त्यांच्या मनात आलं नाही. ते एकेका तोंडाकडे बघत पुन्हा मोजत होते, आणि तान्ह्या पोराशी येऊन आकडा पुरा झाला तेव्हाच ते थांबले.

मागून कुणीतरी त्यांच्या गुडघ्यांना खुर्ची लावली.

"बसा," काकू म्हणाल्या. "कधीचे उभे आहात."